चांदणी लागलेलं नाव

"लालासाब, मशीन बंद कर आन् चल," गुंडू दारातूनच म्हणाला.

"चप्पल काढ पहिली बाहेर," मी म्हटलं.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून कुणी यायचं नाही, असा नियम होता. धूळ आत गेली तर मशीन बिघडतं म्हणून. गुंडू कागलचा, आमच्या गल्लीतला. शेजारच्या घरातला म्हटलं तरी चालेल. तो कोल्हापूरला, आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात कधी येत नसे. त्यानं चप्पल काढली नाही. शेणामातीच्या पायांनी तसाच आत आला आणि माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. प्रिंटर चालू होता. कागलच्या दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं निघत होती.

"बिलं चालू हायत रे. संपली की निघू. झालंय काय?"

"भाभी पडली."

"कुठं?"

"डेरीवरनं येताना. गैबीच्या दर्ग्याअलीकडं."

"लागलंय का फार?"

गुंडू प्रिंटरमधून बाहेर येणाऱ्या कागदाकडं बघत राहिला. गुंडूला वाचता येत नाही. तरी तो मान वर न करता कागदाकडंच बघत होता, तेव्हा मला समजलं.

मी प्रिंटर थांबवला. छापणं नव्वदीतल्या कुठल्यातरी नंबरावर थांबलं. माझ्या बायकोचा, हाफिजाचा संस्थेतला नंबर एकशे अठरा. तिचं बिल अजून यायचं होतं.

एसटीत गुंडूनं सगळं सांगितलं. ती दूध घालून परत येत होती. चालता चालता बसली, आणि बसल्या जागी आडवी झाली. हातातली किटली रिकामी होती. म्हणजे त्या सकाळचं दूध तिच्या नावावर लागलेलं होतं.

आमचं घराणं नदाफांचं. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. मला लहानपणी कापसाच्या धुळीनं दमा लागायचा, म्हणून त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. बरीच वर्षं मी एका वकिलाकडं टाइप केलं. मग बाळासोनं शाहूपुरीत कॉम्प्युटर आणला. तो पुण्याला जाऊन शिकून आला होता, वयानं माझ्याहून लहान. दूध संस्था, सोसायट्या, एकदोन कारखाने यांची कामं घ्यायची आणि बिलं छापून द्यायची, असा त्याचा धंदा. त्याला टायपिंग येणारा माणूस पाहिजे होता. इंग्रजी किती येतं ते त्यानं विचारलं नाही. बोटं किती चालतात तेवढं बघितलं.

ते मशीन कसं असतं ते सांगतो, कारण आता ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत. चालू करून डीबेस नावाचा नोंदींचा प्रोग्राम सुरू केला की काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका येतो. बाकी काही नाही. ठिपक्यापुढं आपण इंग्रजीत हुकूम टाइप करायचा. सभासदांची यादी पाहिजे असेल तर लिस्ट म्हणायचं. एकाच माणसाचं पाहिजे असेल तर त्याचा नंबर सांगायचा. अमक्या तारखेनंतरचं, सकाळचंच, अमक्या फॅटच्या वरचं, असं काहीही विचारता येतं. लाल दिवा लुकलुकतो, पेटीत कुरकुर आवाज होतो आणि उत्तर येतं. उत्तर संपलं की पुन्हा ठिपका.

हाफिजानं ते मशीन एकदाच बघितलं. डोळे दाखवायला कोल्हापूरला आली होती. चपला बाहेर काढून, पदर आवळून माझ्यामागं उभी राहिली. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, इथं ते मराठीतच लिहितो.

"हा ठिपका काय करतोय?"

"वाट बघतोय."

"कुणाची?"

"मी काय विचारतो त्याची."

"मग विचारा की, राणी कवा विणार म्हणून."

राणी म्हणजे आमची म्हैस. मी गंमत म्हणून खरंच टाइप केलं. मशीननं उत्तर दिलं की हुकूम कळला नाही.

"काय म्हणतोय?"

"कळलं नाही म्हणतोय."

"एवढं पण कळत न्हाय, आणि ह्याला गारव्यात बसवलंय," ती म्हणाली. एसीकडं बघून ती इतकी हसली, की बाळासो केबिनमधून उठून बघायला आला.

संस्थेत सभासद तीच होती. म्हैस तिची, दूध घालायची तीच. एकशे अठरा, हाफिजा लालासाब नदाफ. संस्थेच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा रोज एसटीनं यायचा आणि मी टाइप करायचो. नंबर, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट. राणीचं फॅट सात पॉइंट दोन. महिनोन्महिने तेच. फॅटवरून म्हैस ओळखता येते, असं संस्थेचा सेक्रेटरी आकाराम म्हणायचा. कधी आकडा खाली आला की मी घरी जाऊन विचारायचो.

"परवा सहावर आलं. वैरण बदललीस काय?"

"समोर म्हस बांधलीय ती दिसत न्हाय. शाहूपुरीत बसून वैरण दिसतीय," ती म्हणायची.

पण वैरण बदललेली असायची.

हाफिजाला माती देऊन तिसरा दिवस, तिसऱ्याची जियारत झाली त्या दिवशीची गोष्ट. दोन दिवस राणीनं कुणाला कासेला हात लावू दिला नव्हता. मी बसायला गेलो तर बादली उडवली. कास ताठली होती आणि ती सारखी हंबरत होती. घरात माणसं बसलेली आणि मागं हे हंबरणं. मी बयाबाईला हाक मारली. बयाबाई म्हणजे गुंडूची बायको. हाफिजा तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्का म्हणायचो.

"आक्का, म्हैस तुम्ही बघा. मला जमणार नाही."

"बघतो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, करतो, बघतो.

माझी थोरली बहीण रोशनबी, आमची आपा, कोल्हापुरात सदर बाजारात राहते. तिनं हाफिजाचे कपडे एका चादरीत बांधले आणि गरज असेल त्याला दे म्हणून बयाबाईच्या हातात दिले. मी ओसरीवर बसून ते गाठोडं जाताना बघितलं. मग आपानं मला उठवलं.

"लाला, चल माझ्याकडं. इथं एकटा काय खाणार तू?"

घराला कुलूप लावून मी तिच्याबरोबर गेलो. बरेच दिवस कागलला फिरकलो नाही.

कामावर आलो तेव्हा बाळासो खुर्चीतून उठून उभा राहिला. एरवी तो उठत नसे.

"तुमच्या मागं चिठ्ठ्या मीच टाइप केल्या," तो म्हणाला. "एक काम ठेवलंय. वहिनींचं नाव सभासदांच्या फाइलीत डिलीट करायचंय. मी करू का?"

"मी करतो," मी म्हटलं.

डिलीट म्हटलं की नाव जात नाही. हे नवीन माणसाला खरं वाटत नाही. नाव तिथंच राहतं, फक्त त्याच्या डाव्या बाजूला एक चांदणी लागते. यादी मागितली की चांदणीसकट येतं. चांदणीवाले दाखवू नको असा हुकूम दिला की दिसत नाही, पण असतं. रिकॉल म्हटलं की चांदणी जाते आणि नाव पहिल्यासारखं होतं. खरोखर पुसायचं असेल तर पॅक म्हणावं लागतं. मग चांदणीवाले सगळे जातात, खालचे वर सरकतात आणि कुणाची जागा होती तेही कळत नाही. पॅक आम्ही वर्षातून एकदा करायचो, मार्चअखेर.

मी डिलीट टाइप केलं. एक रेकॉर्ड डिलीट झालं, असं पडद्यावर आलं. मग यादी काढली. एकशे सतरा, मग चांदणी आणि हाफिजा, मग एकशे एकोणीस.

तिची शेवटची नोंद बघावी असं मला वाटलं. त्या सकाळचं दूध. दुधाची फाइल वेगळी असते. ती उघडून मी एकशे अठराचं सगळं दूध मागितलं. दिवा लुकलुकला, ओळी येऊ लागल्या. तिची शेवटची सकाळ आली. दोन लिटर, सात पॉइंट दोन.

ओळी थांबल्या नाहीत.

मधले चारेक दिवस सोडून पुन्हा सकाळ. दोन लिटर, सात पॉइंट दोन. दुसऱ्या दिवशी सकाळ. तिसऱ्या दिवशी सकाळ. पडदा भरला आणि वर सरकला. मग ठिपका आला.

मी पुन्हा विचारलं. तेच आलं. मग वेगळ्या तऱ्हेनं विचारलं, ती गेली त्या तारखेच्या पुढचं फक्त दाखव. सगळ्या ओळी पुन्हा आल्या. कालची सकाळसुद्धा होती. संध्याकाळचं काही नव्हतं.

मी केबिनकडं वळून हाक मारली.

"साहेब, एकशे अठरावर चुकून दुसऱ्या कुणाचं टाकलंय काय तुम्ही?"

बाळासो आत आला आणि पडदा वाचला.

"चिठ्ठीवर होतं तेच टाकलं मी. वहिनींचा नंबर एकशे अठरा, हे मला कुठं माहीत?"

आम्ही चिठ्ठ्यांचे गठ्ठे सोडले. सगळ्यांवर होतं. आकारामचं अक्षर, एकशे अठरा, सकाळ. बाळासोनं एक चिठ्ठी उजेडात धरून मागून पुढून बघितली आणि परत गठ्ठ्यात ठेवली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी कागलला गेलो. आपाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? माघाचे दिवस होते, धुकं होतं. हायवेवर उसाच्या ट्रकांचे नुसते दिवे दिसत होते. स्टँडवरून घरापर्यंत मला कुणी भेटलं नाही.

पुढच्या दाराला माझं कुलूप तसंच होतं. मी कुलपाला हात लावला आणि मागून आवाज आला. रिकाम्या बादलीत दुधाची पहिली धार पडते तो आवाज. मग दुसरी. बादलीत दूध साठत गेलं की आवाज बदलतो, तसा तो बदलत गेला.

मी घराच्या बाजूनं मागं गेलो. गोठ्यात कंदील होता. राणी जागेवर होती. तिच्या कुशीला डोकं टेकवून हाफिजा बसली होती. मोरपंखी इरकल लुगडं, डोक्यावरून पदर, पदराचं टोक कमरेला खोवलेलं. ती धार काढताना गुणगुणायची. शब्द नसायचे, नुसतं हूं हूं, वर चढणारं आणि मध्येच तुटणारं. ते गुणगुणणं चालू होतं. तसंच मध्ये तुटत होतं.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. मला भीती वाटली नाही. कुणी हलू नये, एवढंच वाटत होतं.

आधी राणीनं मला बघितलं. तिनं कान फिरवले. गुणगुणणं थांबलं.

"कोण हाय तिकडं?"

आवाज बयाबाईचा होता. ती वळली, मला बघितलं आणि उठायला गेली. राणीनं पाय उचलला, तशी पटकन खाली बसली.

"भाऊ, जरा थांबा. धार मोडली तर पुन्यांदा देत न्हाय ही."

आणि ती परत गुणगुणायला लागली. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. धार संपल्यावर तिनं बादली बाजूला ठेवली आणि पदर सारखा केला.

"घाबरलासा व्हय?"

"नाही."

"नसंल. पर तुमचं त्वांड बघा की."

"हे लुगडं..."

"आपानं गठुडं दिलं त्यातलंच. बाकीचं वाटलं मी, हे ठेवलं." ती लुगड्याच्या काठावरून हात फिरवत होती. "भाऊ, ही म्हस जवळ येऊ देत नव्हती मला. ही बघा मांडी, अजून काळीनिळी हाय. कास दगडासारखी झालती, सडं फुटायची येळ आलती. मग आमची सासू म्हणली, मालकिणीचं लुगडं नेसून बस, वासानं सोडतीया. बसलो. तर उभी राहिली, पर पान्हा सोडंना. मग मला आठीवलं, हाफिजा काय तर गुणगुणायची. भिताडापलीकडनं रोज ऐकलेलं की मी. आता मला लाज वाटत न्हाय व्हय? मेलेल्या बाईचं लुगडं नेसून तिच्यासारखं हूं हूं करायला? गुंडू तर पयल्या दिशी घरात जाऊन बसला. म्हणला, मला बघवत न्हाय."

"आणि दूध तिच्या नंबरावर कशाला?"

"मला नंबर हाय कुठं? आकारामदा म्हणला, सभा झाल्याबिगर नवीन सभासद करता येत न्हाय. तवर तिच्याच नंबरावर घाल. सांजचं घरात ठेवतो, सकाळचं डेरीला."

तिनं दूध किटलीत ओतलं. किटली हाफिजाची होती.

"येता का डेरीवर? या. मग तुम्हालाच बरं वाटंल. न्हायतर न्हाय वाटायचं. पर या."

डेअरीवर रांग होती. सगळे मला ओळखणारे. कुणी हात केला, कुणी नुसती मान हलवली. आकाराम आत मापापाशी बसला होता. त्याला मी दिसलो नाही. तो नेहमीसारखा मोठ्यानं नंबर आणि नाव घेत होता, ज्याचं त्यानं हाय म्हणून पुढं सरकायचं.

"एकशे अठरा. हाफिजा लालासाब."

"हाय," बयाबाई म्हणाली आणि मोरपंखी पदर सावरत पुढं झाली.

रांगेतलं कुणी हसलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. त्यांना सवय झाली होती. आकारामनं फॅट बघितलं, चिठ्ठी लिहिली आणि मग वर बघितलं. मी त्याला दिसलो. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

"पावणं, तुम्ही कवा आला?" तो म्हणाला. मी तिथलाच, वीस वर्षांपासून तो मला लालासाब म्हणतो. त्या दिवशी त्याच्या तोंडातून पावणं आलं.

परत येताना गुंडू वाटेत भेटला. तो म्हणाला, "आकाराम पयल्या दिशी नुसता नंबर म्हणत हुता. ही बया ऐकंना. म्हणली, नाव घे. बिननावाचं दूध मी घालत न्हाय."

"कशाला तसं म्हटलं आक्का?" मी विचारलं.

"म्हस तिची, लुगडं तिचं, किटली तिची. आन् नाव कुणाचं घ्यायचं, तुमचं?" बयाबाई म्हणाली.

त्या दिवशी मी कुलूप काढलं आणि घर झाडून घेतलं. आठवड्यानं आपाकडचं सामान घेऊन कागलला राहायला आलो. आपा रागावली. भिंतीपलीकडं ती शेजारीण तुझ्या बायकोचं सोंग करते आणि तू ते ऐकायला जातोस, असं ती म्हणाली. पहाटे जाग आली की धारेचा आवाज यायचा आणि ते गुणगुणणं यायचं. मी डोळे मिटून पडून राहायचो. मग उठून चहा करायचो.

ऑफिसात चिठ्ठ्या येत राहिल्या. एकशे सतरा, एकशे अठरा, एकशे एकोणीस. मी टाइप करत राहिलो. बिलावर चांदणीसकट हाफिजाचं नाव यायचं. एकदा बाळासो जेवायला घरी गेला होता तेव्हा मी रिकॉल टाइप केलं. एक रेकॉर्ड परत आलं, असं पडद्यावर आलं. यादी काढली. चांदणी नव्हती. एकशे अठरा, हाफिजा लालासाब नदाफ, कागल, इतरांसारखीच. मी बराच वेळ बघितलं. जिन्यात बाळासोची पावलं वाजली तेव्हा पुन्हा डिलीट केलं.

मार्चअखेर आली. बाळासो म्हणाला, "कागलचं पॅक बाकी आहे."

"त्या नंबरावर अजून दूध येतंय, साहेब. आत्ता पॅक केलं तर बयाबाईचं दूध बिननावाचं होईल."

ते खरंच होतं. तो बरं म्हणाला.

राणी हळूहळू बदलली. आधी बयाबाईला पूर्ण लुगडं नेसावं लागायचं. मग स्वतःचं लुगडं नेसून वर ते इरकल नुसतं पांघरलं तरी चालायला लागलं. मग खुंटीला टांगलेलं राणीच्या नजरेसमोर असलं की पुरे. एक दिवस ते खुंटीवर नव्हतं आणि राणीनं तरी पान्हा सोडला. गुणगुणणं मात्र राहिलं होतं. मग तेही बंद झालं. पहाटे भिंतीपलीकडून नुसती धार ऐकू यायला लागली, आणि बयाबाई राणीला शिव्या घालायची ते.

संस्थेची सभा झाली. बयाबाईला नवीन नंबर मिळाला. त्याच संध्याकाळी ती लुगडं घेऊन आली. धुतलेलं, घडी घातलेलं.

"घ्या भाऊ. लई चाललं. काठाला जरा उसवलंय, टाका घालून द्यायचा हुता, राहिलं."

"तुम्हीच ठेवा की आक्का."

"नगं. आता नेसलो तर मला भ्या वाटंल," ती म्हणाली. "तवा काम हुतं."

मी ते घेतलं. त्याला साबणाचा वास येत होता. खाली म्हशीचा. आणखी कसलाही नाही.

आता एकशे अठरावर दूध यायचं कारण उरलं नव्हतं. तरी पुढच्या बिलाच्या वेळी बाळासोनं मला हाक मारली. त्याच्या हातात कागद होता.

"लालासाब, हे कुठून आलं?"

चांदणी, हाफिजा लालासाब नदाफ. सकाळ. दोन लिटर, सात पॉइंट दोन. दहा दिवसांत दोनदा.

आम्ही चिठ्ठ्या काढल्या. त्या दिवसांच्या एकाही चिठ्ठीवर एकशे अठरा नव्हता. बयाबाईचं दूध तिच्या नवीन नंबरावर वेगळं लागलेलं होतं. मी कागलला जाऊन आकारामला विचारलं. तो म्हणाला, "त्या नंबराला माप लावलंच न्हाय मी. नाव घेतलंच न्हाय." त्याची चोपडी मी डोळ्यांनी बघितली.

मी कामावर असलो की मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. बाळासो बघतो, पण टाइप मीच करतो. मशीन स्वतःहून काही लिहीत नाही. म्हणजे ते मीच लिहिलं होतं. एकशे सतरा झाल्यावर माझी बोटं एकशे अठराला गेली, सकाळ टाकली, लिटर टाकले, फॅट टाकलं, आणि मग एकशे एकोणीसला गेली. मला काही समजलं नाही. आता मी लक्ष ठेवून टाइप करतो, तरी होतं. टाइप करताना कळत नाही. नंतर लिस्ट काढली की दिसतं.

बाळासोला मी सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"बोटांची सवय आहे ही. त्यात भिण्यासारखं काय नाही," तो म्हणाला. "पॅक करून टाका. सभासदांच्या फाइलीत नाव नसलं की मशीन तो नंबर घेणारच नाही. तुम्ही टाइप केला तरी परत पाठवील."

त्याचं बरोबर आहे. नाव नसलेला नंबर मशीन घेत नाही. मला ते माहीत आहे.

बिलं निघायच्या आधी मी दरवेळी एकशे अठराची यादी मागतो, काही आलं असेल तर खोडतो आणि बिलं स्वच्छ देतो. संस्थेची तक्रार नाही. बाळासो आता विचारत नाही. परवा यादी काढली तर एक नोंद होती. सकाळ, दोन लिटर, सहा पॉइंट एक. सात पॉइंट दोन नव्हतं. ती खोडायला मी हात पुढं केला आणि माझ्या मनात आलं, वैरण बदलली काय.

मी नोंद खोडली. मग ठिपक्यापुढं पॅक टाइप केलं, आणि एंटर न दाबता एकेक अक्षर मागं घेतलं. ठिपका तसाच राहिला.

मार्च गेला, त्यानंतरचा मार्चही गेला. बाकी सगळ्या संस्थांचं पॅक झालं आहे. कागलचं करायचं राहिलं आहे.